कबड्डी अजिंक्यपद स्पर्धा : आरंभकाळ

कबड्डी (महाराष्ट्रात हुतूतू) या सांघिक मैदानी खेळातील विजेतेपदाच्या स्पर्धांचा विसाव्या शतकातील प्रारंभीचा इतिहास. सर्वमान्य नियमावली होईपर्यंत विजेतेपद त्या त्या स्पर्धेपुरतेच असे.

खेळाचे प्रकार : संजीवनी, गामिनी व अमर हे तीन प्रकार प्रचलित होते. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी पुन्हा खेळात येई. सामना ठरावीक वेळेचा असे. गामिनीत बाद झालेला गडी सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. तेव्हा लोण होऊन प्रतिपक्षाला गुण मिळे. वेळेचे बंधन नसे. अमर प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडत नसे, प्रतिपक्षाला फक्त गुण मिळे. एका प्रकारात तरबेज असलेला संघ दुसऱ्या प्रकारात तसाच ठरेल असे नव्हते. त्यामुळे निरनिराळ्या स्पर्धांतील विजेत्यांची तुलना करणे अवघड आहे.

नियमावली : संजीवनी व गामिनी यांचा मेळ घालणारी नियमांची पहिली चौकट महाराष्ट्रात साधारणपणे १९२१ मध्ये तयार झाली, असे मानले जाते. १९२३ मध्ये एका समितीने त्यात दुरुस्त्या केल्या. त्याच वर्षी बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने भरविलेल्या स्पर्धेने या नियमांना अखिल भारतीय व्यासपीठ दिले. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांच्या एकसूत्रीकरणाचे काम चालविले. आजच्या खेळातील बाद गडी परत येणे आणि लोण या दोन्ही गोष्टी त्या मेळातून आल्या.

प्रसार : अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली; त्यांत कबड्डीही होती. १९३८ मध्ये कलकत्ता येथील भारतीय ऑलिंपिक क्रीडास्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला.

राष्ट्रीय स्पर्धा : अखिल भारतीय कबड्डी महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ मध्ये मद्रास येथे झाली.

महिला : पहिली राष्ट्रीय स्पर्धा, कलकत्ता, १९५५.

विद्यापीठे व शाळा : आंतरविद्यापीठ क्रीडास्पर्धांत १९६१ मध्ये व शालेय राष्ट्रीय स्पर्धांत १९६२ मध्ये समावेश.

तुलना : अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलची सुरुवात १८६९ च्या रटगर्स–प्रिन्स्टन सामन्यापासून मानतात. तेथेही आरंभी नियम सामन्यागणिक बदलत, आणि त्या काळातील अनेक 'राष्ट्रीय विजेते' पुढे अभ्यासकांनी मागाहून ठरविले. कबड्डीत मात्र नियम आधी बांधले गेले व राष्ट्रीय अजिंक्यपद नंतर आले. म्हणून या खेळाच्या इतिहासात १९२१–२३ च्या नियमकर्त्यांचे स्थान पहिल्या विजेत्या संघांच्याही आधीचे आहे.