औषध कोणाच्या हातचे? अश्वघोषाचे नाटक आणि आपला जलसा



विहाराच्या वर्धापन दिनाला वस्तीतल्या मुलांनी नाटक बसवायचे ठरवले, तेव्हा बैठकीत दोन आवाज उठले. एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "विहार ही वंदनेची जागा. अष्टशीलात नाचगाणी, खेळतमाशे पाहू नयेत असे सांगितले आहे. मग इथे नाटक कशाला?" आणि एक तरुण म्हणाला, "काका, नाटक आपलं नाहीच. आपला तो तमाशा नि जलसा. नाटक म्हणजे वरच्या लोकांचं काम." मी गिरणीच्या साचेखात्यातला माणूस, शिक्षण सातवी. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईनात. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी तरुणाचा प्रश्न घेऊ. शाळेत आपल्याला शिकवतात की नाटक म्हणजे कालिदास, आणि मराठी नाटक म्हणजे १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेले 'सीतास्वयंवर'. ते खोटे नाही. पण गोष्ट तिथून सुरू होत नाही.

१९०२ ते १९१४ या काळात जर्मन संशोधकांनी मध्य आशियाच्या वाळवंटी मुलुखात चार मोहिमा काढल्या. तो भाग आज चीनच्या शिंजियांग प्रांतात येतो. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर भिक्षू त्या वाटेने जात आणि जागोजागी विहार होते. वाळूत गाडल्या गेलेल्या त्या जागांमधून हस्तलिखितांचे ढीग सापडले. त्यांत ताडपत्रांचे काही फाटके तुकडे होते. हाइनरिक ल्युडर्स नावाच्या पंडिताने ते तुकडे जुळवून वाचले आणि १९११ साली छापले. ती नाटके निघाली! लिपी कुषाण काळातली. संस्कृत नाटकाचे इतके जुने हस्तलिखित दुसरे सापडलेले नाही. एका नाटकाच्या शेवटी नाव लिहिलेले होते : 'शारिपुत्रप्रकरण', नऊ अंकी, कर्ता सुवर्णाक्षीचा पुत्र अश्वघोष. बघा, कवीने ओळख सांगितली ती आईच्या नावाने.

अश्वघोष साकेतचा, ब्राह्मण घरात जन्मलेला, पुढे भिक्षू झालेला. काळ साधारण इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक. 'बुद्धचरित' हे महाकाव्य त्याचेच. आणि नाटकाचा विषय? सारिपुत्त आणि मोग्गल्लान भगवंतांच्या संघात कसे आले, तो. म्हणजे सर्वात जुने जे नाटक कागदोपत्री हाती आहे, ते आपल्या वंदनेतल्या माणसांचे आहे.

त्या फाटक्या पानांत एक प्रसंग वाचता येतो. सारिपुत्ताला बुद्धांकडे जावेसे वाटते. त्याचा मित्र विदूषक त्याला अडवतो. तू ब्राह्मण, आणि बुद्ध क्षत्रिय. खालच्या वर्णाच्या माणसाकडून उपदेश कसा घेणार? सारिपुत्त त्याला दोन दाखले देतो. औषध खालच्या जातीच्या माणसाने दिले म्हणून रोग्याला गुण यायचा थांबतो काय? उन्हाने तापलेल्याला पाणी गार करते, ते कोणी दिले हे पाहून नव्हे.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. इथे वाद ब्राह्मण-क्षत्रियांचा आहे, आपल्या वाडवडिलांचा नाही, हे मान्य. तरीही अठराशे वर्षांपूर्वी पाण्याचा आणि औषधाचा दाखला देऊन जातीचा प्रश्न नाटकात उभा राहिला होता, आणि आपल्याला १९२७ साली महाडला ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. मधल्या काळात ती पाने वाळूत होती आणि तो विचारही गाडलेला होता.

आता ज्येष्ठ उपासकांचा प्रश्न. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संयुत्त निकायात तालपुट नावाच्या नटांच्या नायकाची गोष्ट आहे. त्याने भगवंतांना विचारले, लोकांना हसवणारा नट मेल्यावर देवलोकात जातो असे जुने आचार्य म्हणतात, ते खरे का? भगवंतांनी दोनदा त्याला गप्प केले. तिसऱ्यांदा सांगितले की लोकांच्या मनात लोभ, द्वेष, मोह असतातच. नट तेच आणखी पेटवतो आणि स्वतःही त्यात बुडतो, त्याची गती वाईट. तालपुट रडला, आजवर आपल्याला फसवले गेले म्हणून. मग भिक्षू झाला, अर्हत झाला. त्याच्या गाथा थेरगाथेत आहेत.

म्हणजे आक्षेप कशाला आहे? लोभ-द्वेष-मोह पेटवण्याला. अश्वघोषाला हे ठाऊक होते. 'सौंदरनंद' काव्याच्या शेवटी तो स्वतःच खुलासा करतो की कडू औषध घशाखाली उतरावे म्हणून त्यात मध घालतात, तसे मी धम्मात काव्य घातले आहे. उपोसथाच्या दिवशी शील घेतलेल्याने खेळ पाहू नये, हे बरोबर. पण औषधच नसलेला नुसता मध आणि औषधासाठी घातलेला मध, यांत फरक करायला हवा.

हाच मध आपल्या लोकांनीही घातला. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी त्यात आहे आणि त्याचे पितळ उघडे पाडणारा विदूषक आहे. अश्वघोषाचा विदूषक जातीची बाजू घेतो, जोतीरावांचा विदूषक ती उघडी करतो. शेवटी नवरा-बायको शिकायचे ठरवतात. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले, आणि ते छापून यायला १९७९ साल उजाडले. त्याचीही पाने गाडलेलीच राहिली म्हणायची.

पुढे सत्यशोधक जलसे आले, आणि १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांचे आंबेडकरी जलसे. तमाशाचाच बाज, पण गवळणीच्या जागी शिक्षणाची, पाण्याची, हक्काची गोष्ट. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेब ढोलकीवरून पोचले. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी झाले. मग विहारात नाटक नको कसे म्हणायचे?

तरुण मित्रांना एवढेच सांगतो, जलसा हा नाटकाचा गरीब भाऊ नाही. 'नाट्यशास्त्र' ग्रंथातच लिहिले आहे की शूद्रांना वेद ऐकायला बंदी, म्हणून सर्व वर्णांसाठी नाट्य हा पाचवा वेद झाला. आणि त्याच ग्रंथाच्या शेवटी, ऋषींची नक्कल केली म्हणून नटांना शूद्र होण्याचा शाप मिळतो. नाटक कोणाचे, हे त्यांच्याच पोथीत लिहून ठेवले आहे.

माझी सूचना अशी. मुलांनी सारिपुत्त आणि विदूषकाचा तो प्रसंग आपल्या वस्तीच्या बोलीत बसवावा. दहा मिनिटे पुरेत. उपोसथाचा दिवस सोडून करावा, म्हणजे ज्येष्ठांचाही मान राहील. मोठ्या आवाजाच्या भोंग्याला जी वर्गणी जाते, त्यातली थोडी वेशभूषेला द्यावी. आणि घरातल्या म्हाताऱ्या आयाबायांना पुढच्या सतरंजीवर बसवावे. पाणी कोणाच्या हातचे, हा प्रश्न त्यांनी अंगावर झेलला आहे. सारिपुत्ताचे उत्तर त्यांना सगळ्यांच्या आधी कळेल.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.