घर चाकांवर, वाट दरीतून

सुरत-धुळे राष्ट्रीय महामार्गावर नवापूर आणि विसरवाडी यांच्या दरम्यान चिंचपाडा हे गाव लागते. नंदुरबार जिल्ह्यातील या गावाला सुरत-भुसावळ लोहमार्गावरील रेल्वे स्थानकही आहे. महामार्गाने जाणारा शहरी प्रवासी सहसा येथे थांबत नाही. मात्र अंथरूण, चूल आणि पाण्याची टाकी गाडीच्या मागे जोडून सातपुड्याच्या दऱ्या पाहायला निघालेल्या दांपत्यासाठी हे उपयुक्त ठिकाण ठरू शकते. येथून विसरवाडी, नंदुरबार, तापीकाठचे प्रकाशे आणि शहादा या मार्गाने तोरणमाळच्या पठारावर जाता येते.

ट्रेलरमध्ये मुक्काम आणि दिवसा दऱ्यांतून पायी भटकंती हा प्रकार अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात रूढ आहे. उटा आणि ॲरिझोना या राज्यांतील झायन, आर्चेस, कॅनियनलँड्स व ग्रँड कॅनियन या राष्ट्रीय उद्यानांत असंख्य जोडपी अशा सहली करतात. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही सुटीत भाड्याचे फिरते घर घेऊन या उद्यानांकडे वळतात. महाराष्ट्रात ही पद्धत अद्याप नवी आहे. प्रदेश वाळवंटी असो वा सातपुड्याचा, दरीचे नियम मात्र फारसे बदलत नाहीत. त्यातील बहुतेक नियम पाण्याशी संबंधित आहेत: आपण सोबत नेलेले पाणी आणि न सांगता दरीत येणारे पाणी.

दरी कशी घडते?

अमेरिकेतील कोलोरॅडो पठार वालुकाश्म, चुनखडी आणि शेल यांच्या थरांनी बनलेले आहे. भूभाग हळूहळू वर उचलला गेला आणि कोलोरॅडो नदी त्यातून खोल चर पाडत गेली. ग्रँड कॅनियनची लांबी ४४६ किलोमीटर असून खोली दीड किलोमीटरहून अधिक आहे. या कोरड्या प्रदेशात वनस्पतींचे आच्छादन विरळ आहे. त्यामुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी थेट ओढ्यांत उतरते.

महाराष्ट्रातील दऱ्या बहुतांशी बेसाल्टमध्ये, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकात कोरल्या गेल्या आहेत. अकोले तालुक्यातील साम्रद गावाजवळची सांदण दरी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या या अरुंद घळीचे कडे दोन-तीनशे फूट उंच आहेत. पावसाळ्यात घळ पाण्याने भरून वाहते. नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी तालुक्यातील तोरणमाळ हे सुमारे ११५० मीटर उंचीवरील थंड हवेचे ठिकाण. तेथील यशवंत तलाव शांत आणि सपाट जागी आहे, तर जवळच सीताखाईची खोल दरी एकदम समोर येते. अस्तंभा शिखर याच पर्वतरांगेत असून दिवाळीच्या सुमारास हजारो भाविक तेथे पायी चढून जातात. म्हणजे या डोंगरात पायी फिरण्याची परंपरा पर्यटनाहून कितीतरी जुनी आहे.

ट्रेलर आणि कायदा

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. स्वयंचलित फिरत्या घरांबरोबरच गाडीमागे ओढायचे ट्रेलर, घडीचे कॅराव्हॅन आणि तंबू-ट्रेलर यांचाही त्यात विचार केलेला आहे. मुक्कामासाठी वीज, पाणी व सांडपाण्याची सोय असलेली कॅराव्हॅन पार्क उभारण्याची कल्पनाही या धोरणात आहे. तथापि दुर्गम भागात अशी सोय मिळेलच, असे गृहीत धरून निघू नये. तोरणमाळला जाण्यापूर्वी मुक्कामाच्या जागेची निश्चिती करून घ्यावी.

मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांकही ट्रेलरवर दिसला पाहिजे. भाड्याने ट्रेलर घेताना नोंदणी, विमा आणि आपल्या गाडीची ओढण्याची क्षमता या तीन गोष्टी कागदावर पाहून घ्याव्यात. गाडी चालू असताना ट्रेलरमध्ये कोणीही बसू नये.

सामान भरण्यालाही शास्त्र आहे. जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसाच्या किंचित पुढे ठेवाव्यात. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार जोडावर यावा. मागच्या बाजूला भार जास्त झाल्यास ट्रेलर वेगात डोलू लागतो. अशा वेळी जोरात ब्रेक दाबू नये किंवा सुकाणू झटक्याने फिरवू नये. ॲक्सिलरेटरवरील पाय अलगद काढून वेग कमी होऊ द्यावा. पाण्याची टाकी अर्धी भरलेली ठेवल्यास आतले पाणी हेलकावे खाते. म्हणून ती शक्यतो पूर्ण भरावी किंवा रिकामी ठेवावी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, हे विसरू नये.

घाट हीच पहिली परीक्षा

तोरणमाळचा सातपायरी घाट वळणावळणांचा आहे. ट्रेलर वळणाच्या आतल्या बाजूने कापत जातो. त्यामुळे वळण रुंद घ्यावे लागते आणि समोरून येणाऱ्या वाहनाला जागा कमी उरते. उतारावर खालचा गिअर ठेवावा. सतत ब्रेक दाबून धरल्यास ते तापतात आणि निकामी होऊ शकतात. पहाटेचे धुके आणि रात्रीचा अंधार टाळावा. याच जिल्ह्यातील चांदशैली घाटात ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंभा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप गाडी उलटून अनेकांचा जीव गेला. डोंगरातील रस्ता घाई करणाऱ्याला दुसरी संधी देतोच असे नाही. ट्रेलर मागे घेण्याचा सराव नसेल तर तो शहादा किंवा नंदुरबार येथे सुरक्षित जागी ठेवून केवळ गाडीने वर जाणे हा अधिक शहाणपणाचा पर्याय होय.

उतरणे सोपे, चढणे अवघड

डोंगर चढताना थकलेला माणूस मागे वळतो. दरीत मात्र उलटे घडते. उतरताना श्रम जाणवत नाहीत आणि थकवा येतो तेव्हा सगळी चढण पुढे उभी असते. म्हणून ग्रँड कॅनियनमध्ये काठावरून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा प्रयत्न करू नये, असा इशारा उद्यान प्रशासन देते. परतीला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागतो, असे धरून चालावे. हातातील वेळ व पाणी यांचा एक तृतीयांश भाग संपताच माघारी फिरणे हा साधा हिशेब आहे.

उन्हाळ्यात ग्रँड कॅनियनच्या तळाशी तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. नंदुरबार जिल्ह्याच्या सपाटीवरही मे महिन्यात हीच स्थिती असते. अशा दिवसांत सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत चालू नये. सातपुड्यातील भटकंतीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. कोरड्या प्रदेशात माणशी दररोज सुमारे ४ लिटर पाणी धरावे. दोघांच्या तीन दिवसांसाठी केवळ पिण्याचे २४ लिटर होते. स्वयंपाक व धुणीभांडी यांचे पाणी वेगळे. घामावाटे मीठही जात असल्याने नुसते पाणी पीत राहणे धोक्याचे ठरू शकते. चिवडा, खारे शेंगदाणे, मीठ-साखरेचे पाणी सोबत असावे.

आकाश निरभ्र, तरीही पूर

१२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील अँटिलोप कॅनियनच्या खालच्या भागात ११ पर्यटक पुरात मृत्युमुखी पडले. ते ज्या घळीत होते तेथे फारसा पाऊस नव्हता. कित्येक किलोमीटर वरच्या भागात वादळी पाऊस झाला आणि त्याचे पाणी अरुंद घळीतून भिंतीसारखे आले. सप्टेंबर २०१५ मध्ये झायन उद्यानातील कीहोल कॅनियनमध्ये सात जणांचा असाच अंत झाला.

हे वाळवंटातच घडते असे समजू नये. ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूर तालुक्यात एका रात्रीच्या अतिवृष्टीने रंगावली व सरपणी या नद्यांना अचानक पूर आला. घरे वाहून गेली, माणसे व गुरे दगावली. चिंचपाडा याच तालुक्यात आहे. दिवसा ज्या पात्रातून गुरे पलीकडे जातात, त्याच पात्राला रात्री केवढे पाणी येऊ शकते, हे येथील लोकांनी पाहिले आहे.

ट्रेलर घेऊन आलेल्यांना कोरड्या नदीपात्राचा मोह पडतो. जागा सपाट, वाळू मऊ, वर मोकळे आकाश. नेमकी तीच जागा टाळली पाहिजे. काठावरच्या झुडपांत अडकलेला काडीकचरा पुराची जुनी पातळी दाखवतो. मुक्काम त्याहून बराच वर करावा. घळीत उतरण्यापूर्वी हवामानाचा अंदाज केवळ त्या जागेचा नव्हे, तर ओढ्याच्या संपूर्ण वरच्या भागाचा पाहावा. पाणी अचानक गढूळ होणे, पालापाचोळा वाहत येणे, वरच्या अंगाने घुमणारा आवाज येणे ही पुराची चिन्हे आहेत. अशा वेळी पुढे किंवा मागे धावण्यापेक्षा लगेच उंच जागी चढावे. वाहत्या पाण्याची १५ सेंटिमीटर खोली धडधाकट माणसाचा तोल घालवू शकते आणि ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते. ट्रेलर वाचविण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

दोघेच असताना

दोघांच्या प्रवासात एक जण जखमी झाला की शुश्रूषा करणारा आणि मदत आणणारा माणूस एकच उरतो. म्हणून निघण्यापूर्वी मार्ग, परतीची वेळ आणि संपर्क न झाल्यास काय करावे, हे घरी व मुक्कामाच्या गावात सांगून ठेवावे. अनेक दऱ्यांत मोबाइलला रेंज मिळत नाही. रेंज असल्यास ११२ हा आपत्कालीन क्रमांक उपयोगी पडतो. दोघांच्या पाठीवर पाणी, शिट्टी, विजेरी व प्रथमोपचाराचे साहित्य स्वतंत्रपणे असावे. जोडप्यांत बहुधा एकाचा वेग जास्त असतो. चालण्याचा वेग कमी चालणाऱ्याने ठरवावा आणि परत फिरण्याचा निर्णय दोघांपैकी कोणीही घेतला तर तो वाद न घालता मान्य करावा.

सर्पदंश झाल्यास दोर आवळू नये, जखम कापू नये. तो अवयव स्थिर ठेवून रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. चिंचपाडा येथे ख्रिश्चन हॉस्पिटल आहे, परंतु सातपुड्याच्या अंतर्भागापासून ते दूर पडते. त्यामुळे ज्या भागात जायचे तेथील जवळचे रुग्णालय आधीच विचारून ठेवावे. थंडीच्या रात्री बंद ट्रेलरमध्ये शेगडी किंवा कोळसा पेटता ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपेतच मृत्यू ओढवू शकतो.

गावाचे पाणी, गावाची वाट

सातपुड्यातील दऱ्या ओसाड नाहीत. तेथे भिल्ल, पावरा आदी आदिवासींची वस्ती, शेती आणि देवस्थाने आहेत. गाडी उभी करण्यापूर्वी गावातील पोलीसपाटील किंवा सरपंचांना भेटावे. वनक्षेत्रात मुक्कामासाठी वन विभागाची परवानगी घ्यावी व कोरड्या गवतात शेकोटी पेटवू नये. उन्हाळ्यात अनेक पाड्यांची तहान ओढ्यातील झिऱ्यांवर भागते. त्यामुळे ट्रेलरचे सांडपाणी किंवा शौचालयाची टाकी ओढ्यात रिकामी करणे म्हणजे कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात घाण सोडणे होय. स्थानिक वाटाड्या घेतल्यास त्याला योग्य मोबदला द्यावा आणि त्याने 'आज खाली नको' म्हटले तर ते ऐकावे. या ओढ्याचे पाणी कोणत्या डोंगरावरून येते, हे त्याला ठाऊक असते.