आज्ञा आणि संमती

अणुचाचण्यांच्या इतिहासात शास्त्रज्ञांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. खंदकात बसवलेल्या शिपायांविषयी त्या मानाने फार थोडे. खुल्या झालेल्या अमेरिकी कागदपत्रांत मी गेली काही वर्षे गुंतलो आहे, आणि त्यातल्या दोन तारखा माझी पाठ सोडत नाहीत.

पहिली, २६ फेब्रुवारी १९५३. संरक्षणमंत्री चार्ल्स विल्सन यांनी सेनादलांना एक आदेश धाडला. न्यूरेंबर्गच्या खटल्यातून निघालेली तत्त्वे त्यात जवळपास जशीच्या तशी होती : अणुयुद्ध, जैविक वा रासायनिक युद्धासंबंधीच्या प्रयोगात माणूस घ्यायचा तर त्याची स्वखुशीची, लेखी संमती हवी. आदेशावर शिक्का मात्र 'अतिगोपनीय'. ज्याच्या रक्षणासाठी नियम, त्यालाच तो वाचायची बंदी!

दुसरी तारीख १७ मार्च १९५३. तीन आठवडेही उलटले नव्हते. नेवाडाच्या वाळवंटात 'ॲनी' चाचणी झाली. स्फोट हिरोशिमाच्या बॉम्बच्या तोडीचा. १९५१ मध्ये सैनिक सुमारे ११ किलोमीटरवर होते, आता खंदक जेमतेम ३.२ किलोमीटरवर आले. त्याच मोसमात मूठभर अधिकारी १८०० मीटरच्या आसपास बसले, पण ते स्वेच्छेने आले होते. साध्या शिपायाला कोणी विचारले नाही. त्याला हुकूम होता.

लष्कराचे म्हणणे असे, की हा प्रयोग नव्हताच, प्रशिक्षण होते. मला हे पटत नाही. १९५१ पासून मानसशास्त्रज्ञ सैनिकांकडून स्फोटाआधी आणि नंतर प्रश्नावल्या भरून घेत होते. भीती किती, ती व्याख्यानांनी किती घटते, हे मोजत होते. मोजमाप आले की प्रशिक्षण आणि प्रयोग यांतली रेघ पुसट होते. शिवाय व्याख्यानांचा रोख धोका फारसा नाही हे पटवण्याकडेच. अर्धवट माहिती देऊन मिळवलेल्या धैर्याला काय म्हणावे?

शिपाई जोखीम पत्करतोच, हा युक्तिवाद नेहमीचा. पण रणांगणावर शत्रू वेळ ठरवतो. इथे वेळ आणि अंतर दोन्ही आपल्याच वरिष्ठांनी ठरवले होते.

परिणामांबद्दल मात्र जपून बोलावे लागते. १९५७ च्या 'स्मोकी' चाचणीतल्या ३२२४ जणांमध्ये ल्युकेमियाचे ९ रुग्ण निघाले; अपेक्षा साडेतीनची होती. एकूण कर्करोगात तशी वाढ दिसली नाही. किरणोत्सर्ग नोंदवणाऱ्या फिल्मपट्ट्याही प्रत्येकाच्या छातीवर नव्हत्या, त्यामुळे कोणी किती मात्रा घेतली हे पुढे बऱ्याच अंशी अंदाजानेच मांडावे लागले.

कोर्टाचे दार तर १९५० च्या 'फेरेस' निकालानेच बंद होते : सेवेत झालेल्या इजेसाठी सैनिकाला सरकारवर दावा करता येत नाही. आणि गोपनीयतेचे बंधन १९९६ पर्यंत उठले नाही. तोवर आपण त्या वाळवंटात कुठे उभे होतो, हे स्वतःच्या डॉक्टरला सांगणेही कायद्याने गुन्हा ठरू शकत होते.