पिकअपला जादा पाटे टाकले की पासिंग वाढतं का?

टोमॅटोचा सीझन सुरू व्हायच्या आधी दादाचा फोन आला. "पिकअपला मागे दोन-दोन पाटे जादा टाकतोय. मग शंभर क्रेट आरामात बसतील." आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, माल जातो नारायणगावच्या मार्केटला आणि कधी माळशेज घाट उतरून कल्याणकडे. मी सॉफ्टवेअरवाला, गॅरेजवाला नाही. तरी म्हटलं, आधी फोनवर आरसी उघड.

आरसीवरचे दोन आकडे

डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये गाडीची आरसी दिसते. त्यात (नाहीतर मूळ कागदावर) दोन वजनं शोधा.

- रिकामं वजन (अनलॅडन वेट): गाडी आणि तिचं नेहमीचं सामान. ड्रायव्हर आणि क्लीनर यात धरत नाहीत.
- एकूण वजन (ग्रॉस व्हेईकल वेट, जीव्हीडब्ल्यू): गाडी, माल आणि माणसं मिळून कायद्याने चालणारी कमाल मर्यादा.

दोन्हींची वजाबाकी म्हणजे आपण ज्याला 'पासिंग' म्हणतो ते.

क्रेटचा हिशोब

समजा, एकूण वजन ३,००० किलो आणि रिकामं १,७०० किलो. उरले १,३००. दोन माणसांचे १४० वजा केले की १,१६०. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा, वर प्लास्टिकचे साधारण २ किलो. म्हणजे ५२ क्रेट. शंभर क्रेट भरले तर गाडी ४,०४० किलोवर जाते, मर्यादेपेक्षा १,०४० किलो जास्त. तुमच्या गाडीचे आकडे टाकून हाच हिशोब करा. आमचा आला ५८ क्रेट. दादा गप्प झाला.

पाटे नक्की काय करतात?

पाटे जादा टाकले की गाडी मागे कमी दबते, एवढंच. एक्सल, बेअरिंग, चासी, टायर आणि ब्रेक तेच राहतात. उलट गाडी दबत नाही म्हणून ओव्हरलोड डोळ्याला दिसत नाही, हा खरा धोका. पाट्यांचं आणि वाढवलेल्या लोखंडी जाळीचं वजनसुद्धा तुमच्या पासिंगमधूनच जातं.

टायरवर बघा. साइजच्या पुढे लोड इंडेक्स छापलेला असतो. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो, तेही हवा बरोबर असेल तर.

आता ब्रेक. त्याच वेगात वजन दीडपट झालं तर थांबवायची ऊर्जाही दीडपट, आणि ती सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्येच जाते. माळशेजसारख्या लांब उतारावर ब्रेक तापले की पकड कमी होत जाते. पेडल दाबलेलं असतं आणि गाडी पळत असते.

मागे हूक लावून ट्रॉली ओढली तर?

वजन ट्रॉलीवर गेलं तरी ओढायचं आणि थांबवायचं काम पिकअपलाच असतं. कंपनीने त्या मॉडेलला ओढायची क्षमता दिलेली नसेल, तर वेल्डिंग केलेल्या हुकाने ती येत नाही. शिवाय रस्त्यावर आणायची तर ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी लागते. ट्रॅक्टरमागे चालणारी ट्रॉली पिकअपला जोडणं हा तर सरळ धोका.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८, २०१९च्या दुरुस्तीसह:

- कलम १९४: ओव्हरलोडला २०,००० रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. वजन करायला नकार दिला तर ४०,००० रुपये.
- कलम ५२: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बसत नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच सांगितलं.
- कलम १८२ए: असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

अपघात झाला तर विमा कंपनीला दावा अडवायला कारणही मिळतं.

लायसन्सचा मात्र घोळ नको. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर एलएमव्ही लायसन्सवर मालवाहू गाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये हे कायम केलं.

मग करायचं काय?

जुने पाटे थकले असतील तर कंपनीच्या मापाचे बदला. टायरची हवा लोडप्रमाणे ठेवा. पहिल्या खेपेला वजनकाट्यावर भरलेली गाडी एकदा चढवा आणि पावतीचा फोटो फोनमध्ये ठेवा. माल कायम जास्तच असेल तर दोन खेपा करा, शेजाऱ्याबरोबर मोठी गाडी भाड्याने घ्या, किंवा पुढची गाडी घेताना जास्त पासिंगचं मॉडेल बघा.

दादाने पाटे टाकले नाहीत. डिझेल जास्त जातं म्हणून अजून कुरकुर करतो. पण घाट उतरताना त्याचा फोन लागला नाही, तर आता आई मला दहा वेळा फोन करत नाही.