घरगुती गोड्या पाण्याच्या मत्स्यालयातील संप गाळणी : ऐतिहासिक वाटचाल आणि वसमत शहराच्या संदर्भात रचनेचा विचार

सारांश : घरातील काचेच्या टाकीखाली दुसरी टाकी ठेवून पाणी सतत फिरते ठेवण्याच्या पद्धतीस 'संप गाळणी' म्हणतात. ही पद्धत अलीकडची समजली जात असली तरी तिचे मूळ तत्त्व एकोणिसाव्या शतकातील आहे. प्रस्तुत निबंधात या तत्त्वाचा विकास, मराठवाड्यातील जलव्यवस्थेत आढळणारी त्याच स्वरूपाची जलशास्त्रीय जाण आणि वसमतसारख्या शहरात या गाळणीची रचना करताना घ्यावयाची दक्षता यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : मत्स्यालय, संप, नत्रीकरण, नहर, पाणचक्की, भारनियमन.

प्रस्तावना

मराठीत 'संप' हा शब्द काम बंद ठेवण्याच्या अर्थाने रूढ आहे. तथापि गवंडी व नळकाम करणारे कारागीर ज्यास 'संप' म्हणतात, तो जमिनीखालील पाणी साठविण्याचा हौद होय. नळाचे पाणी प्रथम या हौदात उतरते आणि नंतर मोटारीने गच्चीवरील टाकीत चढविले जाते. मत्स्यालयाच्या संप गाळणीत हीच मांडणी लहान प्रमाणात असते. फरक एवढाच की, येथे तेच पाणी पुन्हा पुन्हा खाली उतरते, गाळले जाते आणि वर जाते.

वसमत हे शहर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. पुढे ते परभणी जिल्ह्यात राहिले आणि १ मे १९९९ रोजी स्थापन झालेल्या हिंगोली जिल्ह्यात समाविष्ट झाले. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांनी या तालुक्याची शेती बदलली. परंतु कडक उन्हाळा, बेसाल्ट खडकातील जड पाणी आणि खंडित वीज या गोष्टी येथील घरगुती जीवनाचा भाग राहिल्या आहेत. थंड हवेच्या देशांत विकसित झालेली गाळणी अशा ठिकाणी जशीच्या तशी वापरल्यास अपयश येते आणि त्याची किंमत टाकीतील मासे मोजतात. म्हणून या साधनाचा इतिहास जाणून घेणे केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही.

हौदातील मासे व मराठवाड्याची जलव्यवस्था

मासे पाळण्याचा व त्यांना खाद्य देण्याचा विचार दख्खनला नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' हे स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार व त्यांचे खाद्य यांची माहिती येते. अर्थात हे मासे मोठ्या जलाशयातील होते. जलाशय मोठा असल्यामुळे पाणी शुद्ध ठेवण्याचे काम निसर्गच करीत असे.

पाणी नळाने आणणे, त्याची पातळी राखणे व दाबाने ते उंच चढविणे ही विद्या मात्र मराठवाड्यात पूर्णत्वास गेलेली दिसते. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी, म्हणजे पुढील औरंगाबाद व आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे, 'नहर-ए-अंबरी' या भूमिगत जलवाहिनीने डोंगराकडील पाणी शहरात आणले. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरातील पाणचक्की अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्णत्वास आली. तेथे दूरच्या डोंगरातील पाणी मातीच्या नळांतून येते, दाबाने उंच भिंतीवर चढते आणि हौदात कोसळते. जादा पाणी खाम नदीकडे जाते. या परिसरातील हौदांत मासेही पाळले गेले आहेत.

या व्यवस्थेतील तीन गोष्टी संप गाळणीच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे हौदाची पातळी आत येणाऱ्या पाण्यावर नव्हे, तर सांडव्याच्या उंचीवर ठरते. दुसरी म्हणजे पाणी उतरविण्यास केवळ उतार पुरतो, चढविण्यास दाब लागतो. तिसरी म्हणजे उंचावरून पडणारे पाणी हवेत मिसळते आणि प्राणवायू शोषून घेते. पाणचक्की व आधुनिक मत्स्यालय यांच्यात परंपरेचा सलग धागा आहे, असे यावरून म्हणता येत नाही. परंतु ज्या प्रदेशात हे ज्ञान दगडमातीत उभे आहे, तेथे संप गाळणीचे नळकाम परके वाटण्याचे कारण नाही. पाणचक्कीत पाणी एकदाच येते आणि पुढे वाहून जाते. मत्स्यालयात तेच पाणी परत वापरावे लागते. खरा प्रश्न येथून सुरू होतो.

काचेची टाकी आणि काळोखा हौद

इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये गोड्या पाण्यातील सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता त्यांचा समतोल साधता येतो, हे मांडले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ मधील ग्रंथामुळे हा छंद घरोघरी पोहोचला. तथापि वनस्पतींवर अवलंबून असलेला हा समतोल नाजूक होता. मासे थोडे वाढले किंवा खाद्य अधिक पडले की पाणी बिघडत असे.

या अडचणीवर विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी उपाय शोधला. मत्स्यालयाचे साहित्य विकणाऱ्या या व्यावसायिकाने पुढे हॅम्बर्ग (१८६४) व लंडनजवळील क्रिस्टल पॅलेस (१८७१) येथील मोठी मत्स्यालये उभारली. दर्शनी टाक्यांच्या खाली त्यांच्याहून कितीतरी मोठा, काळोखा व थंड हौद ठेवावा आणि यंत्राने पाणी अखंड फिरवावे, हे त्यांचे सूत्र होते. अंधारामुळे शेवाळ वाढत नाही, जमिनीखाली तापमान स्थिर राहते आणि पाण्याचा साठा मोठा असल्यामुळे घाण विरळ होते, ही त्यामागील कारणमीमांसा होती. आजच्या संपाचा हा पूर्वज म्हणावा लागेल. मात्र लॉइड यांचा हौद पाणी निर्दोष का करतो, याचे पूर्ण उत्तर त्या काळी उपलब्ध नव्हते.

गाळणीतील अदृश्य कामकरी

हे उत्तर मत्स्यालयातून नव्हे, तर सांडपाणी व शेतीच्या संशोधनातून आले. फ्रान्समध्ये श्लोझिंग व म्युंट्झ यांनी १८७७ मध्ये वाळूच्या थरातून सांडपाणी सोडले. सुमारे तीन आठवड्यांनी त्यातील अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर होऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ देताच ही क्रिया थांबली. म्हणजे काम करणारी गोष्ट सजीव होती. ही क्रिया दोन टप्प्यांत घडते, हे इंग्लंडमधील कृषिरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी दाखविले. समतोल मत्स्यालय मांडणाऱ्या वॉरिंग्टन यांचे ते पुत्र होत. पित्याने टाकीत जो समतोल पाहिला, त्याच्या मुळाशी असलेली एक प्रक्रिया पुत्राने मातीत शोधली. पुढे १८९० मध्ये विनोग्राडस्की यांनी हे सूक्ष्मजीव वेगळे करून दाखविले.

या संशोधनाने गाळणीचा अर्थच बदलला. माशांच्या कल्ल्यांतून व उत्सर्गातून अमोनिया बाहेर पडतो. पाणी काचेसारखे नितळ दिसत असतानाही तो घातक पातळीवर असू शकतो. सूक्ष्मजीव त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. त्यांना बसण्यास पृष्ठभाग आणि जगण्यास प्राणवायू लागतो. दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारे नायट्रोस्पिरा गटातील जिवाणूही अस्तित्वात आहेत, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. नव्या टाकीत ही वस्ती स्थिरावण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे जातात. टाकी भरल्याच्या दिवशीच मासे सोडणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

महाराष्ट्रात काचेआडचे मासे सर्वसामान्यांना दाखविण्याचे मोठे कार्य मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने केले. त्याचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. घरगुती टाकीत मात्र हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची अथवा वाळूखालील गाळणी दीर्घकाळ वापरात राहिली. टाकीखालील स्वतंत्र गाळणी १९८० च्या दशकात युरोप-अमेरिकेतील समुद्री मत्स्यालयांमुळे लोकप्रिय झाली आणि तेथून ती गोड्या पाण्याच्या मोठ्या टाक्यांकडे आली. लॉइड यांची कल्पना अशा रीतीने घरातील कपाटात शिरली.

वसमतच्या परिस्थितीत रचना व नळकाम

९० × ४५ × ४५ सें.मी. मापाची टाकी उदाहरणादाखल घेतल्यास तिची क्षमता सुमारे १८२ लिटर भरते. प्रत्यक्ष पाणी १६० लिटरच्या आसपास राहते. तिच्याखाली ६० × ३० × ३५ सें.मी. चा संप पुरेसा होतो. संपाचे तीन कप्पे करावेत. पहिल्यात गाळ अडविणारा स्पंज, दुसऱ्यात सूक्ष्मजीवांसाठी सिरॅमिकची कडी किंवा तत्सम सच्छिद्र माध्यम आणि तिसऱ्यात पंप असावा. कप्प्यांमधील काचा पाणी एकदा वरून, एकदा खालून जाईल अशा बसविल्यास बुडबुडे पंपापर्यंत जात नाहीत.

वरील टाकीतून पाणी सांडव्याच्या नळाने उतरते. यासाठी काचेस भोक पाडावे लागते. कडक केलेल्या काचेस भोक पाडल्यास ती फुटते, म्हणून साधी काचच निवडावी. ताशी सुमारे ८०० लिटर, म्हणजे पाण्याच्या पाच पट प्रवाह धरल्यास उतरण्याचा नळ २५ मि.मी. चा असावा आणि चढणारा नळ त्याहून लहान असावा. उतरत्या नळावर झडप बसवून प्रवाह आवळू नये. मुख्य नळ तुंबल्यास उपयोगी पडणारा दुसरा आपत्कालीन नळ थोड्या अधिक उंचीवर ठेवणे अत्यावश्यक आहे.

रचनेची खरी परीक्षा पंप बंद पडल्यावर होते. सन २००० नंतरच्या दशकात मराठवाड्यातील शहरांनी दीर्घ भारनियमन सोसले आणि आजही वीज खंडित होण्याचे प्रसंग येतात. वीज जाताच चढत्या नळातून पाणी वक्रनलिकेच्या तत्त्वाने उलट उतरू लागते. वरील टाकीत १ सें.मी. पातळी म्हणजे सुमारे ४ लिटर पाणी होय. परतीच्या नळाचे तोंड १० सें.मी. खोल असल्यास सुमारे ४० लिटर आणि नळांतील २ लिटर पाणी खाली येईल. संपातील पाणी २२ सें.मी. वर असल्यास त्यात जेमतेम २३ लिटरची जागा शिल्लक असते. उरलेले सुमारे १९ लिटर फरशीवर जाईल. हेच तोंड पृष्ठभागालगत ठेवून त्याखाली हवा शिरण्यासाठी लहान छिद्र पाडल्यास पातळी फार तर अडीच सें.मी. उतरते आणि १२ लिटर पाणी संपात सहज मावते. उलट प्रवाह रोखणारी झडप बसविता येते. परंतु तिच्यात शेवाळ वा खडा अडकल्यास ती उघडी राहते. म्हणून झडपेपेक्षा पातळीवर विसंबावे.

याच्या उलट प्रसंगही गृहीत धरावा. उतरणारे दोन्ही नळ तुंबल्यास पंप आपल्या कप्प्यातील पाणी वर ओतत राहतो. १८ × ३० सें.मी. तळाच्या कप्प्यातून १७ सें.मी. पाणी उपसले गेल्यास ते सुमारे ९ लिटर होते आणि वरील पातळी सव्वादोन सें.मी. वाढते. टाकीच्या काठापर्यंत किमान ३ सें.मी. मोकळी जागा ठेवणे एवढ्यासाठीच आवश्यक असते.

उन्हाळ्याचा परिणाम सर्वांत आधी पंपाच्या कप्प्यात दिसतो, कारण इतर पातळ्या सांडवे व काचा धरून ठेवतात. ४ लिटर पाण्याचे बाष्पीभवन झाल्यास या कप्प्याची पातळी साडेसात सें.मी. खाली जाते. एप्रिल-मे महिन्यांत रोज पाणी न घातल्यास पंप कोरडा चालून जळण्याची शक्यता असते. क्षार मात्र बाष्पाबरोबर जात नाहीत, ते टाकीतच साठतात. म्हणून केवळ भर घालून भागत नाही. ठराविक काळाने काही पाणी काढून बदलावे लागते. ब्लीचिंग पावडरयुक्त नळाचे पाणी थेट ओतल्यास माशांबरोबर गाळणीतील जिवाणूही मरतात. त्यासाठी पाण्यातील क्लोरीन 'हायपो'ने नष्ट करून घ्यावे.

विहिरी-बोअरच्या जड पाण्याचे परिणाम दुहेरी आहेत. नत्रीकरणात पाण्याची अल्कता खर्च होते. येथील पाण्यात ती मुबलक असल्यामुळे ही क्रिया सहसा मंदावत नाही. परंतु ३० अंश तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाल्यास तो साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो. त्याच वेळी पाण्यातील प्राणवायूची कमाल मात्रा २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम असते, ती ३० अंशांना साडेसातवर येते. वसमतच्या उन्हाळ्यात गाळणीचे काम अधिक निकडीचे आणि अधिक कठीण होते, ते यामुळेच. बंद डब्यातील गाळणी वीज गेल्यावर काही तासांत प्राणवायूविना कुजू लागते. संप उघडा असल्यामुळे त्याला हवा मिळते. माध्यमाचा काही भाग पाण्याच्या वर ठेवून त्यावर पाणी ठिबकू दिल्यास ओलसर माध्यमातील जिवाणू अधिक काळ तग धरतात. वीज दीर्घकाळ गेल्यास बॅटरीवरील हवेचा पंप वरील टाकीत लावणे व माशांना खाद्य न देणे, हे दोन उपाय सर्वांत परिणामकारक ठरतात.

निष्कर्ष

१. संप गाळणीचे मूळ तत्त्व लॉइड यांच्या काळोख्या हौदात आहे. त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण नत्रीकरणाच्या शोधाने नंतर दिले.

२. मत्स्यालयाच्या इतिहासात 'पाणी नितळ दिसणे' या कसोटीची जागा 'पाणी जिवास पोषक असणे' या कसोटीने घेतली. गाळणी म्हणजे गाळ अडविणारा पडदा नसून सूक्ष्मजीवांची वस्ती होय.

३. सांडव्याची उंची, उतार व दाब यांची जाण मराठवाड्याच्या नहरींत व पाणचक्कीत पूर्वीपासून दिसते. संपाचे नळकाम याच तत्त्वांवर उभे आहे.

४. वसमतसारख्या शहरात पंपाची शक्ती ही दुय्यम बाब ठरते. पंप थांबल्यावर पाणी कोठे जाईल आणि जिवाणूंना हवा कशी मिळेल, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या रचनेत आधीच दिलेली असतात, तीच रचना येथे टिकते आणि तिच्यातील मासेही जगतात.