तळणीचे ग्रहण आणि जॉन एव्हरशेड

मुंबईहून भुसावळ, अकोला, बडनेरा या मार्गाने नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर धामणगाव आणि पुलगाव यांच्या दरम्यान तळणी हे छोटे स्थानक लागते. अमरावती जिल्ह्यातील या गावी जलद गाड्या थांबत नाहीत. मात्र २२ जानेवारी १८९८ रोजी सौरभौतिकीच्या इतिहासात नोंदवले गेलेले एक निरीक्षण येथेच घडले.

त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गजवळ किनाऱ्यावर येऊन सोलापूर जिल्हा, वऱ्हाड व नागपूर असा प्रवास करीत ईशान्येकडे गेली. जानेवारीतील निरभ्र आकाश आणि रेल्वेची सोय यांमुळे खगोलशास्त्रज्ञांनी या पट्ट्यात जागोजागी तळ ठोकले. विजयदुर्गला सर नॉर्मन लॉकियर, जेऊरला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला व अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल, तर पुलगावला केंब्रिजचे न्यूऑल होते. तळणीला ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी उतरली. ई. वॉल्टर मॉन्डर, त्यांच्या पत्नी अ‍ॅनी मॉन्डर आणि जॉन एव्हरशेड हे तिचे प्रमुख सदस्य.

एव्हरशेड यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८६४ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात गोमशाल येथे झाला. तळणीला आले तेव्हा ते कोणत्याही वेधशाळेच्या सेवेत नव्हते. रसायनांच्या विश्लेषणाची नोकरी करून उरलेला वेळ ते सूर्याला देत. १८९६ मध्ये ग्रहणासाठी ते नॉर्वेला गेले. पण तेथे ढगांनी निराशा केली. त्याच सफरीत मेरी ऑर या खगोलअभ्यासक महिलेशी त्यांचा परिचय झाला आणि पुढे १९०६ मध्ये विवाह.

तळणीला खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची होती. एव्हरशेड यांना त्यातील पहिले व शेवटचे काही क्षण हवे होते. चंद्रबिंब सूर्यबिंबाला पूर्ण झाकते त्या क्षणी सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा एकाएकी तेजस्वी होतात. हा झगमगाट एक-दोन सेकंदच टिकतो. प्रिझम बसवलेल्या कॅमेऱ्याने एव्हरशेड यांनी तो टिपला, तोही जंबुपार भागात दूरवर. हायड्रोजनच्या बामर श्रेणीतील रेषा जंबुपार टोकाकडे एकमेकींच्या जवळ सरकत जातात व ३६४.६ नॅनोमीटरच्या सुमारास संपतात. ही मर्यादा ओलांडल्यावरही सूर्यज्वाळांचा प्रकाश अखंड पट्ट्याच्या रूपात चालू राहतो, हे एव्हरशेड यांच्या काचपट्ट्यांवर दिसले. इलेक्ट्रॉनचा शोध लागून तेव्हा एकच वर्ष झाले होते. मोकळा इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या केंद्रकाशी जोडला जाताना हा प्रकाश बाहेर पडतो, हा उलगडा १९१३ च्या बोर यांच्या अणुसिद्धान्तानंतरच शक्य झाला.

अ‍ॅनी मॉन्डर यांचे यशही लहान नव्हते. विवाहानंतर त्यांना ग्रीनिचची नोकरी सोडावी लागली होती. आकाशगंगेच्या छायाचित्रणासाठी घेतलेल्या अवघ्या दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलातील एक किरण टिपला. तोवर छायाचित्रात आलेल्या अशा किरणांत तो सर्वांत लांब होता. तरीही रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना १९१६ मध्ये मिळाले, कारण तोपर्यंत तेथे स्त्रियांना प्रवेशच नव्हता.

येथे एका प्रचलित समजाचा उल्लेख आवश्यक वाटतो. हेलियमचा शोध लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गच्या 'साहेबाच्या ओट्यां'वरून लावला, असे वारंवार छापले जाते. वस्तुतः १८६८ च्या ग्रहणाचे प्रसिद्ध निरीक्षण फ्रान्सच्या जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथे केले. लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाविनाच इंग्लंडमधून ती पिवळी रेषा पाहिली. ते विजयदुर्गला आले १८९८ मध्ये. तोवर रॅम्झी यांना हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षे लोटली होती. विजयदुर्गाला अशी, चुकीची का होईना, प्रसिद्धी मिळाली. तळणीच्या वाट्याला तीही आली नाही.

एव्हरशेड यांचे भारताशी नाते मात्र तळणीवर संपले नाही. १९०७ मध्ये ते कोडाईकनाल वेधशाळेत रुजू झाले व १९११ मध्ये तिचे संचालक बनले. सौरडागांत वायू भोवऱ्यासारखा फिरत असावा, असा तेव्हाचा कयास होता. जानेवारी १९०९ मध्ये वर्णरेषांचे सरकणे मोजताना एव्हरशेड यांना निराळेच आढळले: डागाच्या कडेच्या फिकट भागात वायू केंद्राकडून बाहेर वाहतो, सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने. हाच 'एव्हरशेड परिणाम'. १९१५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९२३ मध्ये निवृत्त होऊन ते मायदेशी परतले आणि तेथेही स्वतःच्या वेधशाळेत सूर्याचे वेध घेत राहिले. १७ नोव्हेंबर १९५६ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१८९८ च्या ग्रहणाचा आणखी एक धागा कोडाईकनालशी जोडला गेला. नायगमवाला यांची पुण्यातील वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. त्या वेळी तेथे संचालक होते एव्हरशेड.