वाकनीस

'वाकनीस' हे आडनाव आज क्वचितच कानावर पडतं. नवख्याला त्यात 'वाकणं' ऐकू येतं, पण त्याच्याशी याचा काडीचाही संबंध नाही. अरबी 'वाकिया' म्हणजे घडलेली गोष्ट आणि फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा. चिटणीस, फडणीस, पारसनीस यांच्यातला 'नीस' तोच. वाकनीस हा मुळात दरबारातला हुद्दा, आणि शिवाजी महाराजांचे वाकनीस होते दत्ताजीपंत त्र्यंबक. महाराजांचा दिनक्रम, दरबारातल्या घडामोडी टिपून ठेवायच्या, शिवाय निमंत्रणं आणि भोजनाची व्यवस्थाही पाहायची. केवढ्या विश्वासाचं काम हे! १६७४ च्या राज्याभिषेकावेळी पदांना संस्कृत नावं मिळाली आणि वाकनिसाचा 'मंत्री' झाला. आडनावात मात्र जुना हुद्दाच टिकला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.